भागीरथीचा पितळी कलश

हेरंब सबनीस अर्ध्या जिन्यावरून परत वर गेले, कुलूप उघडले, स्वयंपाकघरात जाऊन गॅसचे बटण बंद असल्याची खात्री केली आणि पुन्हा कुलूप लावून खाली उतरले. दारात टॅक्सी उभी होती. आत बसलेल्या मृणालिनीबाईंनी नातीला कोपराने ढोसले.

"काय गं मनवा, आजोबा कुठे गेले होते?"

"गॅसला टाटा करायला," मनवा म्हणाली.

"हसा," सबनीस पुढच्या सीटवर बसत म्हणाले. "पण बटण तिरकं होतं."

"बंद होतं ना?"

"बंद होतं. पण तिरकं होतं."

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर फिरून दमलेली ज्येष्ठ मंडळी पाय हलवत बसली होती. त्यांच्यातल्या दौलतरावांनी टॅक्सीतल्या सबनीसांना ओळखून हात केला आणि ओरडून विचारले, "आज नक्की का हो, सबनीस?" सबनीसांनी ऐकले नाही असे दाखवले. या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःलाच हवे होते.

माटुंग्याच्या टेक्निकल कॉलेजातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत सबनीसांनी बॉयलर सोडून दुसऱ्या कशात मन घातले नव्हते. आता परळला, एका बंद गिरणीच्या गोदामात खाजगी विश्वस्त संस्थेने चालवलेल्या छोट्या रेल्वे संग्रहालयाचे ते मानद सल्लागार होते. संग्रहात सात इंजिने होती. हिरव्या रंगाचे विजेचे एक, नाक चेपलेले डिझेलचे एक आणि उरलेली वाफेची. सहा इंजिने रंगरंगोटी करून, पुढे दोरी बांधून थंडगार उभी होती. सातवी मात्र जिवंत होती. अरुंद रुळावरची, बुटकी, पोटाशीच पाण्याची टाकी असलेली. एके काळी समुद्रात भराव घालण्यासाठी तिने दगडांच्या वाघिणी ओढल्या होत्या. कामगारांनी तिचे नाव भागीरथी ठेवले होते आणि तेच पाटीवर चढले होते. दोन वर्षे खपून सबनीसांनी तिचा बॉयलर पुन्हा वाफ धरण्याजोगा केला होता. आज तिला लहानसा डबा जोडून मुलांना आवाराची फेरी घडवायची होती. त्या मुलांत मनवाही होती.

हा कार्यक्रम याआधी दोनदा पुढे ढकलला गेला होता आणि दोन्ही वेळा सबनीसांमुळे. पहिल्या वेळी पाण्याची पातळी दाखवणारी काच गळते असे त्यांना वाटले. ती फक्त पुसायची राहिली होती. दुसऱ्या वेळी चाकाच्या आसातून खडखड ऐकू आली म्हणून त्यांनी सर्व थांबवले. निघाले काय, तर कोळशाचे खोरे फळीमागे सरकून पत्र्यावर आपटत होते. तेव्हापासून संग्रहालयात कशाचाही आवाज झाला की कोणीतरी म्हणे, "सबनीससाहेबांना बोलवा, खोरं वाजतंय." तिसऱ्यांदा रद्द झाले, तर भागीरथीलाही दोरीमागे उभे करायचे असे विश्वस्तांनी स्पष्ट कळवले होते.

म्हणून आज काहीही निघू नये, एवढेच ते वाटभर मनाशी म्हणत होते. आणि काहीतरी निघेल, हेही.

ते पोचले तेव्हा आवारात मांडव सजला होता. पाहुणे दहाला यायचे होते. पहाटे पेटवलेल्या भट्टीचा करडा धूर गोदामाच्या पन्हळीवरून रेंगाळत होता. चालक गौतम इंजिनाच्या फुटप्लेटवर, चालकाच्या जागी, उभा राहून चिंधीने हात पुसत होता. लालबागचा, पन्नाशीचा, मूळचा मालवणकडचा माणूस. डिझेलवर नोकरी केलेली, पण वाफेचे इंजिन चालवण्याची हौस बालपणापासूनची.

"या साहेब. दाबाचा काटा अजून हललेला नाय. पाणी गरम होतंय, घाई केली नाय मी."

"बरं केलंस. घाई करायचीच नाही."

सबनीसांनी खिशातून विजेरी काढली आणि नेहमीच्या क्रमाने पाहणी सुरू केली. काच, पाणी, भट्टीचे दार, सांधे. सर्व ठीक होते. मग बॉयलरच्या कुशीला हात लावावा म्हणून ते पुढे झाले आणि हात तसाच राहिला.

बॉयलरच्या हिरव्या रंगावरून मुंग्यांची रांग खाली येत होती.

साध्या मुंग्या, बारीक, तांबड्या. प्रत्येकीच्या तोंडात पांढरे अंडे होते. पूर येण्याआधी माणसे बिऱ्हाड हलवतात तशी ती रांग लगबगीने उतरत होती. सबनीसांनी रांगेचा माग वर नेला. ती बॉयलरच्या माथ्यावरच्या पितळी आवरणातून निघत होती. त्या आवरणाच्या आत भागीरथीचे दोन सेफ्टी व्हॉल्व्ह होते. वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला, तर आपोआप उचलून जादा वाफ सोडून देणारे. घरच्या कुकरची शिट्टी करते तेच काम.

त्या आवरणाचा आकार विलायतेतल्या कारागिराने कशावरून घेतला होता कोण जाणे. पण खाली फुगीर, मध्ये अरुंद गळा आणि वर उमललेला काठ, असा तो हुबेहूब कलश होता. परळ-लालबागच्या माणसांना त्यात दुसरे काही दिसणे शक्यच नव्हते.

आणि मग सबनीसांना खंडेनवमी आठवली.

यंत्रांच्या पूजेचा दिवस. त्या दिवशी संग्रहालयातल्या सर्व इंजिनांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. भागीरथी जिवंत, म्हणून तिचा मान मोठा. व्हॉल्व्हमध्ये धूळ जाऊ नये यासाठी सबनीसांनी त्या पितळी तोंडावर मेणकापडाची टोपी बांधून ठेवलेली असे. ती काढल्याशिवाय कलशाला शोभा नाही, असे सगळ्यांचे मत पडले. टोपी निघाली. आंब्याची पाने खोचली गेली, वर नारळ बसला. नंतर नारळ उचलून कोणी हळदकुंकू, कोणी अक्षता सोडल्या, कोणी सुपारी, कोणी नाणे. शेवटी वयाने वडील म्हणून सबनीसांच्या हाती पंचामृताची वाटी देण्यात आली. दूध, दही, तूप, मध, साखर. गुरुजी म्हणाले, "साहेब, अभिषेक," आणि सबनीसांनी वाटी कलशात उपडी केली. त्यांच्यामागे रांग लागली. प्रत्येकाने थोडे थोडे ओतले.

पूजा आटोपल्यावर धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी ती टोपी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली होती. गाठ चांगली घट्ट मारली होती.

व्हॉल्व्हची चाचणी त्याआधी झाली होती आणि पूजेनंतर भट्टी आजच पहिल्यांदा पेटली होती. चाचणीत दोन्ही व्हॉल्व्ह दाबाच्या तबकडीवरच्या अगदी लाल रेघेवर उचलले होते आणि त्या भरवशावर सबनीसांनी इंजिन चालवण्यास योग्य असल्याची सही दिली होती.

ते शिडीवर चढले. टोपीची गाठ सोडली आणि कलशाच्या गळ्यातून विजेरीचा झोत आत सोडला. तळाशी काहीतरी काळपट चकाकत होते. तेलही असू शकेल. नसूही शकेल. गळा इतका अरुंद होता की, मनगट आत जात नव्हते. कलश उतरवायचा तर खालचा पत्रा मोकळा करावा लागतो, आणि ते बॉयलर थंड झाल्यावर दिवसभराचे काम.

साखर तापली की पाक होतो. पाक आणखी तापला की काय होते, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

"गौतम," ते खाली उतरून म्हणाले, "अवधूतना बोलव."

अवधूत संग्रहालयाचा व्यवस्थापक होता. पस्तिशीचा, हुशार, आज ठेवणीतला कुर्ता घातलेला. त्याने मुंग्यांकडे पाहिले, मग सबनीसांकडे.

"सर, प्लीज. काच झाली, खोरं झालं. आता मुंग्या?"

"मुंग्या नव्हेत. मुंग्या जिथून आल्या ते."

"पंचामृत म्हणजे असं कितीसं होतं? सगळ्या मुंबईत खंडेनवमीला मशिनींवर काय काय ओततात. चालतात ना मशिनी?"

"चालतात. लेथला सेफ्टी व्हॉल्व्ह नसतो."

"सर, आपण दाब लाल रेघेपर्यंत नेणारच नाही आहोत. शेजारी हॉस्पिटल आहे, वाफ सुटल्याचा आवाज नको म्हणून तुम्हीच ठरवलंत. अर्ध्या दाबावर फेरी मारायची. मग व्हॉल्व्ह उडायचा प्रश्न येतो कुठे?"

तर्क बिनचूक होता. वापरायची वेळ येणार नाही म्हणून रक्षक झोपलेला चालेल, हा विचार त्यांनी स्वतःही क्षणभर केला. केवढा सोयीचा होता तो! मांडवात मृणालिनीबाई कोणाशी तरी बोलत होत्या. मनवा डब्याच्या पायरीवर उडी मारून चढत होती, पुन्हा उतरत होती.

"आग काढा," ते म्हणाले. "उद्या कलश उतरवू."

"आज आग काढली तर भागीरथी कायमची थंड होईल. विश्वस्तांचं पत्र तुम्हाला ठाऊक आहे."

"मग एक करा. पाहुणे यायच्या आत, जवळ कोणी नसताना, दाब लाल रेघेपर्यंत नेऊ. व्हॉल्व्ह उचलतो का ते बघू. हॉस्पिटलला फोन करून सांगा, एकदाच आवाज होईल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी सही मागे घेतो."

अवधूतने कपाळावरचा घाम पुसला. मग हात पुढे केला. "ठीक. पण शब्द द्या सर. उडाला, की पोरं बसणार. नंतर चौथं काही निघणार नाही."

सबनीसांनी हात पुढे करायला किंचित वेळ लावला. "उडाला, की बसणार," ते म्हणाले.

मांडवातली माणसे दोरीच्या पलीकडे हलवली गेली. गौतमने भट्टीत कोळसा टाकला. काटा मुंगीच्याच पावलांनी चढू लागला. सबनीस फुटप्लेटवर गौतमच्या बाजूला उभे राहिले. खाली उतरा म्हणून दोघांनी दोनदा सांगून पाहिले, पण त्यांनी ऐकले नाही.

"घरी काय सांगितलंस?" त्यांनी गौतमला विचारले, नुसते बोलायचे म्हणून.

"आई आलीय ती बघा, माझ्या बायकोच्या, दर्शनाच्या शेजारी. सकाळी आंघोळ करून देवाकडे गाऱ्हाणं घालून आली. म्हणता, झिला, भोंगो वाजव हां. मी म्हटलं, आये, शेजारी हॉस्पिटल हा."

काटा अर्ध्यावर आला, अर्धा ओलांडून पुढे गेला. बॉयलर गुणगुणू लागला. लाल रेघ जवळ आली, तशी सबनीसांची नजर घड्याळासारख्या त्या तबकडीला आणि कान माथ्यावरच्या कलशाला चिकटले. व्हॉल्व्ह उचलण्याआधी थोडा फुसफुसतो. ती फुसफुस त्यांना आयुष्यभर ओळखीची होती.

काटा रेघेवर आला. फुसफुस नव्हती.

काटा रेघेच्या किंचित पलीकडे गेला.

"साहेब," गौतमचा आवाज एकदम खाली आला.

"भट्टीचं दार उघड. बॉयलरमध्ये पाणी सोड."

गौतमने दार उघडले, पाणी सोडणाऱ्या इंजेक्टरच्या दांड्याला हात घातला, आणि त्याच क्षणी डोक्यावर तोफ उडावी तसा आवाज झाला. कलशाच्या तोंडातून वाफेचा खांब उसळला. पांढरा नव्हे, गुलाबी. त्या हळदीकुंकवाच्या वाफेबरोबर तांदूळ उडाले, सुपाऱ्या उडाल्या, एक नाणे पन्हळीवर आदळून ठणकन वाजले. दोरीपलीकडच्या लोकांवर गरम, गोडसर वासाचे तुषार पडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. गौतमच्या आईने हात जोडले. बायकांनी पदर डोक्यावरून घेतले. कोणीतरी ओरडले, "भागीरथी पावली रे!"

अवधूत धावत आला. कुर्त्यावर गुलाबी ठिपके होते आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हते. "उडाला, सर! काय उडालाय! आता शब्द पाळा."

सबनीसांनी वर पाहिले. वाफ अजून सुटत होती आणि काटा हळूहळू खाली येत होता. सगळे खरे होते. सगळ्यांच्या देखत झाले होते. उतरावे, टाळ्या घ्याव्यात, मनवाला डब्यात बसवावे, बस. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

वाफेचा खांब सरळ नव्हता. कलशाच्या डाव्या अंगाने निघून तो उजवीकडे झुकत होता.

"उशिरा उडाला," ते म्हणाले.

"किती? केसभर!"

"आणि एकच उडाला. आत दोन आहेत. उजवा चिकटून बसलेला आहे."

"तुम्हाला इथून कसं दिसलं?"

"वाफ एका अंगाने येतेय."

अवधूतने मान वर केली. त्याला वाफ दिसली, नुसती वाफ. इतरांनाही तेवढीच दिसत असणार, हे सबनीसांना कळत होते. "सर," तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही शब्द दिला होता. तो बघा, गेटातून पाहुण्यांची गाडी आत आलीय. पोरं डब्यात जाऊन बसलीसुद्धा. एक उडाला तरी पुरे नाही का?"

"दोन बसवलेत, कारण एक पुरत नाही."

"आणि तुमचंच चुकलं असलं तर? आधीसारखं?"

चुकलेही असेल. वारा असता तर खांब झुकला असता. वारा होता का? त्यांना आठवेना. त्यांनी डब्याकडे पाहिले. मनवा खिडकीतून अर्धी बाहेर वाकून त्यांना हात करत होती.

"चुकलं असलं तर सगळे हसतील," ते म्हणाले. "हसू देत. मी शब्द मोडतो, अवधूत. गौतम, आग पाड."

गौतम हलला नाही. त्याने अवधूतकडे पाहिले, मग दोरीपलीकडे उभ्या असलेल्या आईकडे. आयुष्यभराची हौस त्याच्या हाताशी, दांड्यापाशी उभी होती. मग त्याने भट्टीच्या तळाची जाळी पाडायचा लोखंडी गज उचलला, आणि लालबुंद निखारे खालच्या राखेच्या पेटीत खळखळून कोसळले.

पाहुण्यांनी थंड होत जाणाऱ्या इंजिनासमोर फीत कापली, भाषण केले आणि ते निघून गेले. मुलांना डब्यात बसवून दोन्ही बाजूंनी माणसांनी थोडे ढकलले. त्यात मुलांचे समाधान झाले नाही. परतीच्या टॅक्सीत मनवा खिडकीकडे तोंड करून बसली.

"तुम्ही म्हणाला होतात, उडाला की बसायचं. मी ऐकलं. तो उडाला."

"हो. उडाला."

"मग तुम्ही खोटं बोललात."

मृणालिनीबाईंनी तिला जवळ घेतले. टॅक्सी शिवाजी पार्कला वळली. दौलतराव कट्ट्यावरून उठून गेले होते, एवढाच दिलासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवधूत, गौतम आणि सबनीस, तिघांनी मिळून पत्रा मोकळा केला. अवधूत कामापुरते बोलत होता. विश्वस्तांचा फोन येऊन गेला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. पान्याचा प्रत्येक फेरा सबनीसांना जड जात होता. उजवा व्हॉल्व्ह मोकळा निघाला तर? त्यांना मनापासून वाटत होते, निघावा. आणि निघाला, तर पुन्हा या फाटकातून आत यायचे नाही, हेही त्यांनी ठरवून टाकले होते.

दुपारी कलश उतरला.

डाव्या व्हॉल्व्हभोवती गुलाबी थर होता, फुटलेला. उजवा दिसतच नव्हता. त्याच्या जागी काळा, काचेसारखा गोळा होता. आत तांदूळ, एक सुपारी आणि दोन नाणी रुतलेली. गौतमने बोटाने दाबून पाहिले. मग लाकडी हातोडी घेतली. ठोके हलके होते, ते जोराचे झाले. गोळ्याचे टवके उडत होते, व्हॉल्व्ह जागचा हलत नव्हता. शेवटी दिव्याच्या ज्योतीने शेकून, छिन्नीने खरवडून तो सुटला, तेव्हा तिघांचे हात चिकट झाले होते आणि गोदामभर जळक्या चिक्कीचा वास पसरला होता.

"आवशीक..." गौतमने शिवी अर्ध्यावरच गिळली.

अवधूतने सर्वांत मोठा टवका तळहातावर घेतला. त्यातल्या सुपारीवरून त्याने बोट फिरवले. "हे मी विश्वस्तांना नेऊन दाखवतो," तो म्हणाला. "आणि नंतर काचेच्या पेटीत ठेवतो, इंजिनाशेजारी. खाली काय लिहू, सर?"

"खंडेनवमीचं पंचामृत."

"आणि कोणी ओतलं?"

"पहिली वाटी माझी. मग सगळ्यांची. तसंच लिहा."

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मनवा अभ्यासाला बसली होती. तिने वर पाहिले नाही. त्यांनी खिशातून काळे पडलेले एक नाणे काढून तिच्या वहीवर ठेवले आणि आत काय सापडले ते सांगितले, सावकाश, क्रमाने. ती ऐकत होती. नाणे नखाने खरवडत होती.

"म्हणजे आम्ही बसलो असतो तर काय झालं असतं?"

"कदाचित काही झालं नसतं."

"आणि कदाचित?"

कालपासून ते हाच विचार करत होते: मुंग्यांनी त्या सकाळी दुसरी वाट धरली असती तर? पलीकडच्या बाजूने उतरल्या असत्या तर? आतून स्टीलची भांडी लावण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"पुढच्या वेळी चालेल ती?" मनवाने विचारले.

"विश्वस्त हो म्हणाले, तर चालेल असं वाटतं."

"प्रॉमिस?"

मृणालिनीबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या नेहमीसारखे काहीतरी बोलतील, असे सबनीसांना वाटले. पण नातीप्रमाणेच त्याही उत्तराची वाट पाहत होत्या.

"शब्द देत नाही," सबनीस म्हणाले. "तपासून सांगतो."